संदेशचं दहावं, अमेरिकेतला रॅपर आणि कावळा

मित्रहो, रत्नागिरीतल्या कावळ्यांविरुद्ध माझी गंभीर तक्रार आहे. ते वेळ पाळत नाहीत. आज शेजारच्या संदेशचं दहावं होतं. आम्ही तापलेल्या कातळावर अनवाणी उभे, पिंड समोर, आणि कावळा आंब्यावर बसून मजा बघतोय.

संदेश रॅप करायचा. त्याचे वडील वसंतराव म्हणायचे, "ही बडबड बंद कर." त्यांनीच त्याला बोटीवर नोकरीला धाडला. तिथेच अपघातात गेला.

भटजी म्हणाले, "त्याचं काय मनात राहिलंय ते बोला."

वसंतरावांनी हात जोडले. "तुझ्या आईला सांभाळीन. स्नेहाचं लग्न करीन." अशी आश्वासनं कावळ्याने निवडणुकीतही ऐकली असावीत. हलला नाही.

शेवटी स्नेहाच बोलली. "बाबा, दादाचा तो लाडका अमेरिकन रॅपर. आजीने वाढवलेला, तुरुंगात जाऊन आलेला. मोठं नाव झालं आणि तिशीच्या आत नशेच्या गोळ्यांनी मेला. तेव्हा त्याचा बाप टीव्हीवर रडत म्हणाला, मी पोराचं एकही गाणं ऐकलं नाही. दादा तो व्हिडिओ सारखा बघायचा."

वसंतरावांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, "लाव गो आपल्या संदेशचं गाणं."

दोन गाणी झाली. कावळा उडून गेला. भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. वसंतरावांनी तिकडे बघितलंच नाही. "पुढचं लाव," म्हणाले.

संदेशने मलाही एकदा व्हॉट्सॲपवर स्वतःचं गाणं पाठवलं होतं. "काका, कसं वाटलं सांगा." आत्ता घरी येऊन शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याला उत्तर लिहिलं, "चांगलं झालंय रे."

एकच टिक आली.