चार वाजताचा कापूर

या सदरात लिहिणारा जो तो आधी सांगतो, की आपला असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मी तर अविश्वासातच वाढले… आमच्या घरात देव्हारा नव्हता, भिंतीवर बुद्धाची एक तसबीर होती. कापराची डबी मात्र कायम असे. आरतीसाठी नव्हे, अण्णांच्या प्रयोगांसाठी.

अण्णा म्हणजे माझे वडील. शाळेत विज्ञान शिकवत आणि सुट्टीत गावोगावच्या बाजारांत बुवांचे चमत्कार उघडे पाडत. मी आठ वर्षांची असताना हरसूलच्या बाजारात त्यांनी पेटता कापूर जिभेवर ठेवला. पिवळी ज्योत, तिची काजळी, आणि तो थंड, टोकदार वास — माझ्या संशयाचा जन्म तिथला.

"मास्तर, तुमच्या अंगात देव हाय!" एक आजी ओरडली.

"देव नाय आजी, थुंकी हाय. जीभ ओली असली की पोळत नाय."

"म्हंजे थुंकीत देव हाय!"

सगळा बाजार हसला, मीही हसले. परतताना अण्णा म्हणाले, "हसू नये, पोरी. संशय म्हणजे नाही म्हणणं नव्हे. जवळ जाऊन बघायचं, हुंगायचं, आणि आढळलं तेच सांगायचं."

गेल्या वर्षी अण्णा गेले. आई देवळाली कॅम्पच्या घरात एकटी राहिली. मी इकडे शहरात, द्वारका चौकाजवळ. महिन्याभरात तिचा फोन आला.

"रोज दुपारी चारला कापराचा वास येतो गं."

"शेजारी आरती असेल, आई."

"भर चारला? कुणाचा देव एवढा उशिरा उठतो? खिडक्या लावून पाहिल्या. डबी तर कधीच टाकून दिली. तू एकदा येऊन बघ. मला वेड लागलंय का, एवढंच सांग."

मी गेले नाही. दुःखातून होणाऱ्या भासांवर फोनवरच एक नेटकं व्याख्यान दिलं.

"लय शिकलीस," ती म्हणाली, "पण नाक तुझं द्वारकेला हाय आणि वास इथं."

तिसऱ्या फोननंतर एका रविवारी सकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तिला घरी सोडून मी दोनच्या बसने परतले… चारपर्यंत थांबले नाही.

आई मंदावली. शब्द तिच्या ओठांवर ओल्या कपड्यांसारखे लोंबू लागले. वासाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि मी त्याला गुण आला असं म्हटलं.

यंदा द्राक्षांच्या हंगामात चार दिवस तिच्याकडे राहिले. दुसऱ्या दुपारी ती खाटेवर पडली होती, मी द्राक्षं निवडत होते. वीज गेलेली, पंखा स्तब्ध. आणि कापूर आला. आधी टाळूला गारवा, मग डोळ्यांच्या कडांना झोंबणं. घड्याळात चार. मी उठले, मोरी, कपाट, माळा, मागचं अंगण, शेजाऱ्यांचा ओटा — सगळं हुंगून आले. बाहेर नुसती तापलेली माती. उंबरठ्याच्या आत कापूर! दहा मिनिटांनी तो आपोआप विरला.

आई माझ्याकडे बघत होती. कोपरावर उठली. कित्येक महिन्यांनी तिचे डोळे लकाकले.

"तुला आला?"

हो म्हटलं असतं, तर शहाण्या बाईला मी वेडाची औषधं चारली हेही कबूल करावं लागलं असतं.

"नाही," मी म्हणाले.

ती हळूच पुन्हा आडवी झाली. "कालपासून गोळी घेतली नव्हती गं. म्हटलं, तू आहेस तोवर पारखून घ्यावं… म्हणजे मलाच आला. आण ती गोळी."

मी पाण्याचा पेला भरून आणला.

तो वास कुठून आला, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर कितीतरी दुपारी तिथे जाऊन बसले. पुन्हा आला नाही. हे तुम्हा अनोळखी वाचकांना सांगते आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. आई आता एकही गोळी चुकवत नाही.