केंदाळ आलं त्या वर्षीची मासळी

लग्नानंतर मी कोकणातल्या खाडीकाठाहून चिंचवडला आले. हे कंपनीत कामाला होते. आमची भाड्याची खोली पवनेला लागून, आणि घरमालक भोई. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून ते नदीत जाळं टाकायचे. मी त्यांना काका म्हणायची. खाडीकडच्या पोरीला मासळीशिवाय घास कसा उतरेल, म्हणून रोज संध्याकाळी एखादा मासा आमच्या उंबऱ्यावर ठेवून जायचे. त्या माशांना चिखलाचा वास यायचा, पण सांगणार कोण?

काठाने कॉलन्या उभ्या राहिल्या, सगळ्यांचं सांडपाणी नदीत यायला लागलं, आणि मग केंदाळ, म्हणजे जलपर्णी, आलं. आधी चार झुबके, बघता बघता पाणीच दिसेना. वर जांभळी फुलं, इतकी देखणी की मी खुळ्यासारखी देवाला वाहिली. आणि त्याच वर्षी मासळी वाढली. काकांना जाळं ओढवेना. नदी बिघडली म्हणायचं की सुधारली, मला काही उमगेना. आमच्या खाडीतही तिवरांच्या मुळांत, शेवाळात मासे पोसतातच की.

ह्यांनी कंपनीत शब्द टाकून काकांसाठी हेल्परची जागा बघितली होती. काका हसले.

"राव, केंदाळ हाय तर मासा हाय. दारात लक्ष्मी आल्याली सोडून शिफ्टला जाऊ व्हय?"

हे जाम चिडले. मला एक दिवस काकांचं पटायचं, दुसऱ्या दिवशी ह्यांचं. संक्रांतीच्या सुमाराला कंपनीतली भरती बंद झाली आणि तो विषय संपला.

चैत्रात पाणी उतरलं. एका सकाळी आरडाओरडा ऐकून काठावर गेले, तर केंदाळाच्या कडेने मासेच मासे, तोंड वासून पाण्यावर आलेले. माणसं बादल्या, पाट्या घेऊन उतरली होती, हेही त्यांत. जत्राच म्हणा. हे म्हणाले, "पाण्यात खत जास्त झालं. केंदाळ माजलं, खाली कुजलं, आता पाण्यात हवा उरली नाही." खायला रग्गड आणि श्वासाला काही नाही, हे माझ्या डोक्यात आजही नीट शिरत नाही. मला रडू येत होतं, त्या गर्दीचा रागही येत होता. काका तेवढे कोरडं जाळं मांडीवर घेऊन बसले होते. दुपारपर्यंत नदीत हलणारं काही राहिलं नाही.

संध्याकाळी ह्यांनी, अगदी चांगल्या मनाने, आपल्या बादलीतले चार मोठे मासे काकांच्या उंबऱ्यावर ठेवले. काका ते बघत उभे राहिले.

"पोरी, ह्ये मला?"

मी मान डोलावली.

"बरं. तुझ्या मालकाला इचार की, कंपनीत भरती चालू हाय का अजून."

"विचारते हं, काका," म्हणून मी आत गेले आणि स्टोव्हपाशी नुसती उभी राहिले. बाहेर काका वाट बघत होते.