प्रयागबाईचा सुधारलेला नवरा

वाडीत मुरारीचं मंडळ आणलं कुणी, असं विचारलं की प्रयागबाई स्वतःच्याच छातीवर बोट ठेवायची. खोटं कशाला बोला? मुंबईत गिरणीचा संप फिसकटला आणि वाडीतलाच गिरणीकामगार मुरारी पोलादपूरच्या डोंगरात परत आला, तेव्हा नवऱ्याला, महिपतीला, तिनेच हाताला धरून त्याच्यापुढे बसवलं होतं. दारू सोडा, पहाटे उठा, खरं बोला, एवढंच तेव्हा मुरारीचं सांगणं. महिपतीची दारू सुटली. बाई हरखली, शेजारणींना म्हणाली, तुमचेही धाडा. सगळ्याजणींनी धाडले.

मग त्या मेल्या मुरारीला शिंगं फुटली. आधी म्हणे, मंडळाबाहेरच्या घरचं पाणी पिऊ नका. मग सोयऱ्यांकडे जाणं बंद. मग दर सोमवारी दिवसभर त्याच्या पडवीत मौन धरून बसायचं, जागचं उठायचं नाही, आणि हे मोडेल त्याची आजवरची सगळी शुद्धी वाया. बाप्ये कसले, नंदीबैल झाले सगळे.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नेमक्या सोमवारीच कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. सुईण म्हणाली, माझ्या हातचं काम नाय, पोलादपूरला न्या. न्यायचं म्हणजे बांबूला घोंगडी बांधून डोली करायची आणि डोंगर उतरून रस्ता गाठायचा. वाडीतले सगळे धडधाकट खांदे मुरारीच्या पडवीत मांडी घालून बसले होते.

प्रयागबाईने तिथे जाऊन पदर पसरला. महिपतीने मुरारीकडे पाहिलं. मुरारीने डोळे मिटून घेतले. शेजारचा सोमा मात्र उठला. त्याचा हात ओढून त्याला खाली बसवलं ते महिपतीने. जन्मदात्या बापाने!

डोली बायकांनी उचलली. बाईने डोलीला खांदा लावू नये, असं सांगायला त्या दिवशी कुणाचं तोंड मोकळं नव्हतं. लेक वाचली. मूल वाटेतच, पोटात गेलं.

दुसऱ्या दिवशी लेकीचं लुगडं न्यायला प्रयागबाई घरी आली. महिपती ओटीवर बसला होता. मुरारीने सगळ्यांदेखत आपल्याला मिठी मारली, कसोटीला उतरलास म्हणाला, हे तो तिला कौतुकाने सांगू लागला. बाईने सगळं ऐकून घेतलं.

“पोर ल्हान व्हती तवा तापानं फणफणली व्हती,” ती म्हणाली. “तुमी पिऊन तर्र व्हतात. तरी तिला पाठुंगळी मारून पोलादपूर गाठलंत. वाटेत पडलात, गुडघं फोडलंत, पन नेलीत. माजा त्यो दारुडा मला परत पायजे. आनताव का?”

महिपतीने टोपी घातली आणि मुरारीच्या पडवीकडे निघून गेला.