पांढरी शी आणि शहाणी आजी

"शीचा रंग कसा आहे?" डॉक्टरांनी विचारलं. सून रिया तोंड उघडायच्या आत मीच ऐटीत म्हणाले, "पांढरी! निव्वळ आईच्या दुधावर आहे ना!"

डॉक्टरांचं पेन थांबलं. माझा नातू अथर्व तेव्हा सहा आठवड्यांचा होता.

रक्त, सोनोग्राफी, मग मुंबईला लिव्हरची बायोप्सी. नाव निघालं बिलिअरी अट्रेसिया. म्हणजे लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणाऱ्या नळ्याच बंद. पित्त आत कोंडतं, लिव्हर खराब होत जातं. शीला रंग येतो तो पित्तामुळे.

रिया तीन आठवड्यांपासून म्हणत होती, "आई, डोळे अजून पिवळे वाटतात हो." मी मात्र त्याला होळी गावातल्या आमच्या वाडीत केळींच्या कडेला कोवळ्या उन्हात धरत होते. माझ्या पंचविशीत मी माझ्या तान्ह्या मुलाची कावीळ अशीच 'घालवली' होती. ती आपली आपणच जाणार होती, पण तेव्हाच्या मला, त्या बाईसाहेबांना, कोण सांगणार! पुढे तीस वर्षं त्या वाडीतल्या प्रत्येक बाळंतिणीला शिकवत सुटल्या.

"उशीर झाला का?" मी विचारलं.

"आधी आला असतात तर बरं झालं असतं. पण वेळ गेलेली नाही," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनमध्ये आतड्याचा तुकडा थेट लिव्हरला जोडला. बाहेर बाकावर रियाने चहा पुढे केला. "घ्या आई. इथे कोणी बाळंतीण नाही, गप्प बसावं लागेल." मला हसू आलं आणि रडूही.

पाचव्या दिवशी शी पिवळी झाली. पण पित्त अजून अपुरंच येत होतं आणि पित्ताशिवाय दुधातलं फॅट नीट पचत नाही, म्हणून पित्ताविना शोषलं जाणारं एमसीटी तेल आणि जीवनसत्त्वं सुरू झाली. पित्त घटलं की गट मायक्रोबायोम, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंची वस्तीही बदलते. तिचा लिव्हरवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास अजून चालू आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी लगेच, "दही चाटवू?"

"आजी, मनाने काहीही नाही."

बायांनो, दोन आठवड्यांनंतरही बाळाचे डोळे पिवळे असतील, किंवा शी कधीही पांढरट दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे कोंडलेल्या पित्ताची रक्ततपासणी, करून घ्या.

अथर्व आता रांगतो. पुढे कधीतरी लिव्हर बदलावं लागू शकतं. परवा रियाने विचारलं, "आई, टिकेल ना हो त्याचं हे लिव्हर?"

"माहीत नाही गं," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच. "पण तपासणीला मी येते."