लव्हायनामावशीचं होर्डिंग

माझ्या मावशीचा चेहरा वीस फूट उंच आहे हे मला एका मंगळवारी सकाळी सायकलवर कळलं. चढ संपला, वळण आलं आणि समोर मावशी. डोक्यावर पांढरी टोपी, हातात नूडल्सचा खोका आणि तोंडभर हसू. खाली हातभर अक्षरं: ‘आजीच्या हातची अस्सल आमिश चव’. मी ब्रेक दाबायची विसरले आणि सायकलसकट चरात गेले.

गुडघा सोलला होता. तशीच बसून वर बघत राहिले. आम्ही आमिश, जुन्या साध्या रीतीने राहणारे ख्रिस्ती; आमच्यात कुणी फोटोला उभं राहत नाही. लग्नात नाही, बाळ झालं तरी नाही, माणूस गेलं तरी नाही. आणि इथे माझी सख्खी मावशी, होम्स काउंटीच्या हमरस्त्यावर, दुधाच्या टँकरांना हसून दाखवत होती.

माझं नाव आयव्हा. आमची शाळा आठवीत संपते, माझीही संपली. पुढचं सगळं मी सार्वजनिक वाचनालयात शिकले, कायद्याची पुस्तकं ओळीवर बोट ठेवून वाचली. बाप्तिस्मा घ्यायचं वय आलं तेव्हा मी घेतला नाही. घेऊन मोडला असता तर मावशीच्या घरीही मला वेगळ्या टेबलावर जेवावं लागलं असतं. घेतलाच नाही, म्हणून मला कुणी वाळीत टाकू शकत नाही, आणि हे मी येताजाता ऐकवते. घोडागाड्यांना रस्त्याकडेची वेगळी पट्टी हवी म्हणून नऊ वर्षं सरकारी कचेरीत भांडले आणि साडेतीन मैल पट्टी मिळवली. जिथे माझी पट्टी संपते, नेमकं तिथेच त्यांनी मावशीला टांगलं होतं.

लव्हायनामावशी अठ्ठावन्न वर्षांची. बायकांच्या टोप्या शिवते. टोपीच्या मागच्या अंगाला नखाएवढ्या बारीक चुण्या घालायच्या आणि स्टोव्हवर तापवलेल्या इस्त्रीने दाबून बसवायच्या. नुसत्या चुण्या बघून ती सांगते, ही बाई कुठल्या मंडळीतली, म्हणजे कुठल्या धर्मगटातली. स्वतःबद्दल मात्र तिला विचारावं तर सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसायचं. सहा मुलं वाढवली, अ‍ॅटलीकाकांशी छत्तीस वर्षं संसार केला, एकदा पाय मोडला. संपलं.

मी धावत तिच्या घरात गेले तेव्हा ती इस्त्रीच करत होती.

“मावशी, तू होर्डिंगवर आहेस.”

“कशाच्या वर?”

“होर्डिंगवर! रस्त्यावर! हसतेयस! हातात नूडल्सचा खोका!”

“खोका कुठला? भाजीच्या लिलावात मी सेलरीची टोपली उचलली होती. लग्नाच्या जेवणाला लागते ती.” ती थांबली. “तेव्हा एक इंग्लिश बाई समोर उभी होती खरी.” आमच्या लेखी बाहेरचे सगळेच इंग्लिश.

“सेलरी काढून खोका ठेवलाय. आणि तुझ्या ड्रेसला बटणं आहेत. चार.”

“बटणं?” तिचा रंगच उडाला. जन्मभर टाचण्या लावून ड्रेस घातलेली बाई ती; आमच्यात बायकांनी बटणं लावणं म्हणजे मिरवणं. “अगं, बटणं?”

करपल्याचा वास आला. मावशीने टोपी जाळली होती. असं मी आजवर पाहिलं नव्हतं.

त्या रविवारी मंडळीची परिषद होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, दोन आठवडे आधी प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं की माझं देवाशी आणि तुम्हा सगळ्यांशी ठीक आहे. एकाचं जरी बिनसलेलं असलं तर सगळ्यांचं भोजन थांबतं. म्हणजे एका होर्डिंगपायी तीस घरं मावशीकडे बघणार होती.

बुधवारी मंडळीचे प्रमुख, बिशप मेलविन आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.

“लव्हायना, लोक म्हणतात, तू उभी राहिलीस.”

“नाही राहिले.”

“हातात खोका आहे, लव्हायना.”

“तो कॉम्प्युटरने घातलाय!” मी ओरडले.

“आयव्हा, तू मंडळीतली नाहीस.”

“म्हणून तर मला बोलता येतं! सही द्या मला मावशीची, शुक्रवारच्या आत त्यांना कोर्टात उभं करते.”

“आपण कुणाला कोर्टात खेचत नाही,” मावशी म्हणाली. इतक्या हळू, की मला जास्तच राग आला.

“ते तुला वीस फुटांवर टांगतात आणि तू त्यांना सही देणार नाहीस?”

“नाही देणार. चहा घेतेस?”

मी चहा घेतला नाही. सरळ नूडल्सवाल्यांच्या ऑफिसात गेले. तिथला मॅनेजर गुळगुळीत माणूस.

“बाईंना आवडलं नाही का? किती छान दिसतात! आम्ही त्यांना चार खोके पाठवून देतो.”

“ती घरी नूडल्स करते, साहेब. तुमचे खाल्ले तर आजारी पडेल.”

आमचे लोक कोर्टात जात नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं. मी एकही खोटा शब्द बोलले नाही, फक्त ‘कोर्ट’ हा शब्द सात वेळा उच्चारला. अर्ध्या तासात कंपनीच्या कागदावर पत्र हातात पडलं: फोटो न विचारता काढला, खोका आणि बटणं नंतर घातली, सोमवारी होर्डिंग उतरवू. मी ते पत्र बिशपच्या कोठारात नेऊन त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी दोनदा वाचलं. “बरं झालं,” म्हणाले. मी छाती काढून घरी आले.

रविवारी सकाळी परिषदेला निघालेल्या गाड्यांच्या मागे मी सायकलवर होते. पुढे अकरा गाड्या, मावशीची चौथी. होर्डिंगपाशी मावशीची घोडी थांबली. काकांनी जीभ टाळ्याला लावून आवाज केला, लगाम झटकला. घोडी ढिम्म. मागची गाडी जवळजवळ चढलीच. काकांनी घोडीकडे पाहिलं, वर होर्डिंगकडे पाहिलं, मग शेजारी मावशीकडे. मग खाली उतरून घोडीला लगामाला धरून पुढे नेलं.

मला वाटलं, बिचारी बुजली.

परिषदेला बाप्तिस्मा झालेलेच आत बसतात. मी बाहेर गाड्यांपाशी सफरचंद खात बसले. दुपार टळली तरी कुणी बाहेर येईना. शेवटी बायका आल्या, आणि मावशी डोळे लाल करून आली.

“काय झालं? पत्र वाचलं नाही का त्यांनी?”

“वाचलं. सगळ्यांनी मानलं.”

“मग?”

“मग मी गुडघ्यावर बसून कबूल केलं.”

“काय कबूल केलं? तू काहीच केलं नाहीस! मी कागद आणलाय!”

“कागदात लिहिलंय मी उभी राहिले नाही. ते खरं आहे. बघायला गेले नाही असं कुठे लिहिलंय?”

मी उरलेलं सफरचंद घोडीला दिलं.

“बुधवारी गेले,” ती म्हणाली. “गुरुवारी गेले. शुक्रवारी दोनदा. गाडी उभी करून बघत बसायचे. घोडीला सवय लागली.”

बुजलेली घोडी मागे सरते, कान टवकारते. ही शेपटी हलवत उभी होती. मी, रस्त्यावरची प्रत्येक गाडी ओळखणारी, मला ते दिसलं नव्हतं.

“माफ केलं त्यांनी तिथल्या तिथे,” मावशी म्हणाली. “आता तो विषय कुणी काढणार नाही. तूही काढू नकोस.”

“पण का गेलीस? मिरवायला? तू?”

ती घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

“मी एकोणीसची होते तेव्हा आई गेली. तिचा फोटो कुठून असणार? चेहरा हळूहळू पुसत गेला गं. आरशात मी कधी हसत नाही, टोपी नीट करते आणि निघते. मला काय माहीत, मी हसते तेव्हा आई दिसते म्हणून.”

“हे सांगितलंस आत?”

“नाही. ती सबब झाली असती.”

सोमवारी ते उतरणार होतं, आणि उतरवायला मीच लावलं होतं. सात वेळा कोर्ट म्हणून.

“थांबवते मी,” मी म्हणाले. “आत्ता जाते त्या मॅनेजरकडे.”

“नको. उतरू दे. बटणं आहेत तिला.”

सोमवारी मी तिथे गेले. दोन कामगारांनी दोर सोडले आणि मावशी कपाळापासून खाली गुंडाळत आली. त्यातला एक म्हणाला, “बाई, हे नेणार का? शेतकरी ताडपत्री म्हणून नेतात.” मी हो की नाही ठरवेपर्यंत मागे चाकं वाजली. अ‍ॅटलीकाका, सपाट गाडा घेऊन. माझ्याकडे न बघता त्यांनी गुंडाळीचं एक टोक उचललं.

“काका, हे तुम्ही...?”

“लाकडं झाकायला होईल.”

दुसरं टोक मी उचललं. जड होतं. घरामागे लाकडांच्या रचलेल्या ढिगापाशी आम्ही ते उलगडलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत मावशी इस्त्री करत होती, मान खाली.

“छापील बाजू कुठे टाकू?” मी विचारलं.

“खाली,” काका म्हणाले. “पाऊस वरून पडतो.”