गमबुटातली जोडवी

गराजमध्ये गमबूट उचलले आणि रबराचा, वाळल्या चिखलाचा वास आला. माझा नवरा श्रीधर गेल्यापासून ते तसेच पडून होते. त्या वासासरशी पोरिरुआ या आमच्या गावामागची टेकडी आठवली. आम्ही या परक्या देशात नवीन होतो तेव्हाची. जुन्या वसाहतकऱ्यांच्या बैलगाड्यांची वाट तिथे मेंढ्यांच्या पॅडकमधून, म्हणजे कुंपणातल्या कुरणातून जायची. मातीत राहिलेले त्यांचे खिळे, नाल शोधायला श्रीधर मेटल डिटेक्टर घेऊन निघायचा, सोबत मी.

"अगं, हलू नकोस!" तो ओरडला. मशीन माझ्या पायाशी जोरात वाजत होतं. गुडघे टेकून तो माझ्या बुटांभोवती खणायला लागला. समुद्रावरून झोंबरा वारा येत होता, ओल्या मातीचा वास सुटला होता आणि मी पुतळ्यासारखी उभी. खड्डा बराच झाला तरी हाती काही येईना. वैतागून मी दोन पावलं सरकले, त्याने पुन्हा मशीन फिरवलं, तर आवाजही माझ्यामागे आला.

बुटातली माझी जोडवी वाजत होती!

"काढून ठेवू का?" मी विचारलं.

"कशाला? मी खणीन की आणखी खड्डे," तो हसत म्हणाला.

तेव्हा ती नुसती फजिती वाटली होती. काल पुण्याहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, आता जोडवी बरी दिसत नाहीत. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मी काढणार नाही."

आज गमबूट चढवले, मशीन सुरू केलं आणि आधी स्वतःच्याच पायांवरून फिरवलं. तसंच जोरात वाजलं. मग टेकडीकडे निघाले.