कोरड्या शेजारणींचे वकील

माझ्या साडूंइतका शेजाऱ्यांवर विसंबणारा आणि प्रत्यक्ष घरधन्यावर अविश्वास ठेवणारा मनुष्य उभ्या बेंगळुरूत दुसरा नसेल, हे विधान मी शपथेवर करावयास सिद्ध आहे. त्यांचा व्यवसायच तसा होता. दूर पूर्व किनाऱ्यावर कोणी नैसर्गिक वायूसाठी विहीर खोदू म्हणाले, की आमचे साडू बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या कचेरीत आसपासच्या जुन्या विहिरींची माहिती तपासत आणि नव्या विहिरीत वायू लागण्याचा संभव किती, ते सांगत. सांगत म्हणजे येरझाऱ्या घालत सांगत. बसून मत देणे त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

हीच पद्धत त्यांनी संसारातही आणली. माझ्या पुतणीला यशवंतपूरचे स्थळ सांगून आले, तेव्हा आम्ही मुलाच्या घरी केसरीभात खात बसलो असता हे गृहस्थ गल्लीतली सारी दारे ठोठावून आले. "मुलाकडे पाहून काय कळणार, अण्णा? शेजारी काय म्हणतात ते ऐका!" शिवाजीनगरच्या उपाहारगृहात ते दरफलक कधीच वाचत नसत, इतरांच्या ताटांत काय उरले आहे, ते आधी हिंडून पाहत. एकदा एका धिप्पाड गिऱ्हाइकाने ताटावर हात आडवा धरला. "एन बेकु, सार?" काय हवे, असे त्याने दरडावून विचारले. हे शांतपणे म्हणाले, "स्वल्प सांबार टाकलंत तुम्ही. का बरं?" त्यानंतरची तडजोड मला करावी लागली.

खरा तंटा गेल्या वर्षी उद्भवला. एका नव्या विहिरीची शिफारस हवी म्हणून तरुण वरिष्ठांनी यांच्यापुढे त्या परिसराचा तक्ता ठेवला. त्यात वायू लागलेल्या विहिरी तेवढ्या होत्या. कोरड्या निघालेल्या गाळल्या होत्या. "मेलेल्या विहिरी कशाला मोजायच्या, सर?" असा त्या वरिष्ठांचा सवाल. साडू उसळले. "त्याही शेजारणीच आहेत! त्यांची साक्ष काढल्याशिवाय मी सही करणार नाही." ती साक्ष काढताच संभव पार घसरला. त्यांनी सही केली नाही, आणि त्यांची नोकरी गेली.

माझा संताप अनावर झाला. साक्षीदार वगळून दिलेला निवाडा मुळातच रद्दबातल ठरतो, अशा अर्थाचे खरमरीत पत्र मी, तक्रारी लिहिण्याच्या जुन्या सवयीने, त्यांच्या कंपनीच्या नावे तयार केले. साडूंनी ते रोखले. "थांबा, अण्णा. आधी ड्रिलिंग होऊ दे." मग आम्ही दोघेही अस्वस्थ. फोन वाजला की मी दचकत असे. विहीर कोरडी निघावी, अशी प्रार्थना मी, एका सुशिक्षित नागरिकाने, रोज केली.

विहिरीला वायू लागला. भरपूर लागला.

साडू मैसूरपाक घेऊन दारात उभे. "अण्णा, लागला!"

"अहो, तुम्ही हरलात! हसताय काय?"

"संभव कमी आहे म्हटलं होतं, नाही असं कुठं म्हटलं होतं?"

"आणि नोकरी?"

"सरी, ठीक आहे, ती गेलीच." ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "आता हीच विहीर सगळ्यांना दाखवतील. ज्या कोरड्या राहिल्या, त्यांच्याबद्दल आता कोण विचारणार हो?"

आयुष्यभर मी तक्रारी लिहिल्या. ही कोणाच्या नावे लिहावी, ते मला अजून ठरवता आलेले नाही.